चार नंबरच्या घरात कोणी नव्हतं

आयर्लंडच्या मेयो जिल्ह्यातल्या लिस्नाकोलात उपरं ठरायला फार काही करावं लागत नाही. आजा दुसऱ्या गावात जन्मला असला की पुरे. मग तुम्ही इथं जन्मा, इथल्या शाळेत छड्या खा, इथल्या दलदलीतून जन्मभर जळणाचं पीट उपसा, चर्चच्या छपराला वर्गणी द्या, तुमच्या मयताला आलेली माणसं हॅमचं सँडविच खाताखाता म्हणणारच, "भला माणूस होता. इथला नव्हता, पण भला होता."

डेलिया रुएन या बाबतीत फार कडक होती. ती गावच्या पोस्टाची निवृत्त मास्तरीण. लग्न तिनं केलं नव्हतं, कारण गावातले होते ते पसंत पडले नाहीत आणि बाहेरचे तर बाहेरचेच. आजोबा अँथनी रुएन यांनी ज्या घराची चूल पेटवली त्याच घरात ती सत्तरी ओलांडून नांदत होती. कोण इथला आणि कोण वाऱ्यानं आणलेला हे तिला पत्ते पाठ असावेत तसं पाठ होतं. पोस्टात असताना लीट्रिम जिल्ह्यातून एक पोस्टमन बदलून आला होता. गरीब बिचारा पंचवीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झाला, पण डेलियानं त्याच्याबद्दल शेवटपर्यंत एकच मत दिलं: "लीट्रिमची माणसं. जरा ओलसरच."

शेजारीण कन्सेप्टा पॅडन. तिच्या नवऱ्याचं घराणं सरकारी जमीनवाटपात इथं आलं, गाढवाच्या गाडीवर कपाट लादून. ही गोष्ट डेलियाच्या जन्माआधीची. तरी त्या कपाटाचं वर्णन ती असं करायची की वाटावं, गाडी तिच्याच फाटकाशी अडली होती. कपाटाला एक पाय नव्हता. आरसा तडकलेला होता. दोघी रोज दुपारी एकीच्या घरी चहा घेत, एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत, आणि कपाट आल्याशिवाय चहाचा दुसरा कप काही होत नसे. कन्सेप्टा ऐकून घ्यायची. ऐकून घेणारी माणसं साठवत असतात, हे डेलियाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण बोलणाऱ्याला तेवढी सवड नसते.

त्या वर्षी गावचा हॉल नवा बांधून झाला. ऑगस्टमध्ये उद्घाटन ठरलं आणि फादर ओहोरांनी बैठकीत सुचवलं की बाहेरून मंत्रीबिंत्री बोलावण्यापेक्षा गावातल्या सर्वांत जुन्या घराण्यातल्या माणसानं फीत कापावी. डेलियानं नजर खाली केली. आपलं नाव येणार हे ठाऊक असलं की नजर खाली ठेवणं बरं दिसतं.

"पुरावा काय?" कन्सेप्टानं विचारलं. ती त्या वेळी फादरांच्या कपात दूध ओतत होती, त्यामुळे प्रश्न दुधाबद्दल असावा असं क्षणभर सगळ्यांना वाटलं.

फादर खूष झाले. त्यांना वाद आवडत, फक्त ते चर्चबाहेर असावेत. जुनी खानेसुमारी आता संगणकावर आली आहे, १९११ सालची पानं ज्याची त्याला बघता येतात, तर ज्याचं घराणं तिथं दिसेल त्यानं तो कागद आणावा, असं ठरलं. डेलियाला यात अपमानही वाटला आणि मौजही. सूर्य उगवतो याचा कागद मागतात म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी तिनं तालुक्याच्या गावी जाऊन आधी टोपी घेतली, निळी, पिसाची, फीत कापायला शोभेलशी. आणि मग पुरावा आणायला ती लायब्ररीत गेली.

लायब्ररीतल्या ऑर्लानं सांगितलं की संगणकाला कार्ड लागेल आणि कार्डाला पत्त्याचा पुरावा, म्हणजे विजेचं बिल. साऱ्या पंचक्रोशीची विजेची बिलं जिच्या हातून वाटली गेली त्या बाईला स्वतःचं बिल आणायला बसनं घरी जावं लागलं. परत आली तेव्हा संगणकावर एक गृहस्थ गाईंच्या किमती बघत बसले होते. त्यांच्या मागे उभी राहून तिनं इतक्या वेळा घसा खाकरला की ऑर्लानं तिला पाणी आणून दिलं.

शेवटी लिस्नाकोला आलं. पडद्यावर गावाचं नाव बघून डेलियानं खुर्ची पुढे ओढली. पोलीस हवालदाराच्या वळणदार अक्षरात घरांची यादी: घर नंबर, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खिडक्या किती. घर नंबर चार. आजोबांचं घर. भिंती दगडी, खिडक्या तीन. पुढे रहिवाशांच्या रकान्यात एक आडवी रेघ आणि शब्द: रिकामं.

ऑर्लाला तिनं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. ऑर्लानं यंत्र बंद करून चालू केलं. घर रिकामंच राहिलं.

ऑर्ला समजूतदार होती. खानेसुमारीच्या रात्री जो जिथे झोपला असेल तिथे त्याची नोंद होते, तेव्हा नावानं शोधू, असं ती म्हणाली. शोधताना एक चौकट भरायची होती, त्या माणसाचं घरातलं नातं. डेलियानं बेधडक 'कुटुंबप्रमुख' लिहायला लावलं. रुएन माणूस दुसरं काय असणार? जिल्ह्यात अँथनी रुएन नावाचे प्रमुख पुष्कळ निघाले. बहुतेकांच्या बायकोचं नाव मेरी होतं, पण एकही मेरी तिची आजी होईना. एकाला अकरा मुलं होती. एक ऐंशीचा होता. एक तर चक्क प्रॉटेस्टंट निघाला. तो पडदा डेलियानं घाईघाईनं पुसायला लावला.

"तुरुंगात बघायचं का?" ऑर्लानं सहज विचारलं. तुरुंगात नि वेड्यांच्या इस्पितळात असलेल्यांची पूर्ण नावं त्या वेळी लिहीत नसत, नुसती आद्याक्षरं लिहीत. आणि बघितलं तर खरंच शहरातल्या तुरुंगाच्या यादीत एक ए. आर. होता. शेतकरी, वय छत्तीस, विवाहित.

डेलिया बसमध्ये बसली ती ताठ. कोणाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि ठरवल्याप्रमाणे फक्त कन्सेप्टाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात तिच्या पुढ्यात चॉप्स ठेवताना तो खाटीक हळूच म्हणाला की हे मेंढरू पावतीसकट आणलेलं आहे. म्हणजे एका रात्रीत आजोबांचा गुन्हाही ठरला होता. पंपावरच्या मुलीच्या मते मेंढरं तीन होती. चर्चबाहेर एका बाईनं डेलियाचा दंड दाबून सांगितलं की त्या काळात भूक फार होती, कोणीही केलं असतं. आणि रविवारी फादर ओहोरांनी प्रवचनासाठी नेमका क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराचा प्रसंग निवडला. ते बोलत होते जनतेला, पण इतक्या करुणेनं बघत होते डेलियाकडे, की तिच्या ओळीतली माणसं जरा सरकून बसली.

"मी एवढंच म्हटलं होतं की तुरुंगात *असू शकतील*," कन्सेप्टा म्हणाली.

"तू कोणाला म्हटलंस?"

"कोणालाच नाही. दुकानात."

पण आता डेलिया थांबणार नव्हती. फीत राहिली बाजूला, आजोबांना आधी तुरुंगातून काढायला हवं होतं. ती आठवड्यातून तीनदा बसनं जाऊ लागली. ड्रायव्हर तिला बघून "आज कुठल्या कोठडीत?" असं विचारायचा. तिला झोप येईनाशी झाली, जेवण गोड लागेना, आणि खरं सांगायचं तर इतकी मजा तिला पोस्टात तारा येणं बंद झाल्यापासून आली नव्हती. दुसऱ्याची पत्रं न उघडता तिनं उभा जन्म काढला होता. इथं सगळ्या जिल्ह्याची पाकिटं उघडी पडली होती. कोण लिहिता-वाचता होता, कोण नव्हता, कोणाच्या घरी नोकर होता आणि कोणाची बायको नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठी होती. तिची चुलत आजी ऑनर १९०१ साली एकोणपन्नास वर्षांची होती आणि दहा वर्षांनी एकदम सत्तर. हे बघून मात्र डेलिया भडकली. असल्या हिशोबाच्या कागदांवर लोक माझ्या आजोबांना चोर ठरवतात, असं तिनं ऑर्लाला ऐकवलं.

हाच संताप घेऊन ती पीटर मनेलीकडे गेली. पीटर गल्लीच्या टोकाला सात नंबरच्या घरात एकटा राहायचा. नव्वदी उलटलेला, ब्रह्मचारी, टोपी झोपतानाच काय ती काढणारा. गावात डेलियाला 'पोरी' म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

पीटर ऑनरचं वय ऐकून इतका हसला की त्याचा पाइप विझला. "मधल्या काळात पेन्शन सुरू झालं होतं, पोरी. सत्तर वर्षांच्या माणसाला. त्या दहा वर्षांत अख्खं आयर्लंड म्हातारं झालं. माझी आजी तर तिच्या आईपेक्षा मोठी झाली होती."

"आणि माझे आजोबा? ते त्या रात्री कुठे होते?"

"जिथे चहा असेल तिथे," पीटर म्हणाला. मग पाइप पुन्हा पेटवून त्यानं विचारलं, "तू त्यांना शोधतेस कसं?"

तिनं सांगितलं, कुटुंबप्रमुख म्हणून.

"माणूस काय आपल्याच घरात असतो का गं सारखा? बघ ना, तू या घडीला माझ्या घरात बसली आहेस. कोणी आता मोजायला आलं तर?"

डेलिया अर्धा कप तसाच ठेवून उठली. बस निघून गेली होती. तिनं कन्सेप्टाच्या नवऱ्याला त्याच्या ट्रॅक्टरसकट बाहेर काढलं आणि पिसाची टोपी एका हातानं धरून ती लायब्ररीच्या दारात उतरली. (टोपी का घातली होती, असं विचारू नये. ती आता रोजच घालायची.) ऑर्लानं 'कुटुंबप्रमुख' ही चौकट रिकामी सोडली. आणि आजोबा आले.

अँथनी रुएन, पाहुणा. मेरी रुएन, पाहुणी. लिस्नाकोला, घर नंबर सात.

पीटरचंच घर. दोन खोल्यांचं ते घर माणसांनी गच्च भरलेलं होतं. नावांवर नावं, एक कागद संपून दुसरा जोडलेला, बहुतेक सगळ्यांपुढे 'पाहुणा', 'पाहुणी'. साऱ्या गावची घरं त्या रात्री म्हाताऱ्याकोताऱ्यांवर आणि पोरांवर सोडलेली. तीन नंबरच्या घरात तर बारा वर्षांचा मुलगा कुटुंबप्रमुख होता. पण आजोबा तुरुंगात नव्हते. डेलियानं ऑर्लाचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. छापायचा कागद रुंदीला मोठा होता, तो यंत्रातून दोन तुकड्यांत निघत होता. डाव्या बाजूचा तुकडा, नावं आणि नाती असलेला, बाहेर पडला मात्र, तिनं तो ओढून घेतला आणि ती ट्रॅक्टरकडे धावली. दुसऱ्या तुकड्याची तिला गरजच वाटली नाही. मेंढरं चोरणाऱ्याची नात म्हणून ती आत गेली होती, आणि बाहेर पडली ती पाहुण्यांची नात म्हणून.

गावानं हे नवं पदही तिला फार दिवस भोगू दिलं नाही. शेजारच्याच घरी रात्री मुक्कामाला कोण जातं, अशी कुजबुज सुरू झाली. घर जळालं असेल. जमीनदारानं बाहेर काढलं असेल. मेरीनं आजोबांना हाकललं असेल, पण मग तीही सोबत कशी? बैठकीत कन्सेप्टानं कागदावरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाली की पाहुणा म्हणजे कुठून तरी आलेला, असं आपलं तिला वाटतं. फादरांना यातही तथ्य वाटलं. फीत कोण कापणार हा निर्णय पुढे ढकलला.

डेलियाला आता एकच सिद्ध करायचं राहिलं होतं: त्या रात्री सगळं गाव पीटरच्या आजोबांच्या घरी का गेलं होतं. सांगू शकेल असा एकच माणूस होता. सकाळी ती भाजलेला सोडा ब्रेड फडक्यात गुंडाळून पीटरकडे निघाली तर त्याच्या दारात डॉक्टरची गाडी उभी होती. पीटर खुर्चीतच गेला होता, टोपी घालून, पाइप अजून कोमट.

तिला रडू आलं. आपण अर्धा कप चहा टाकून उठलो, याचंच जास्त आलं.

मग जे करायचं ते सगळ्यांनी केलं. घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, पीटरला आतल्या खोलीत त्याच्या चांगल्या सुटात निजवलं आणि बोटांत जपमाळ गुंफली. टोपीचं काय करायचं यावर चर्चा झाली. शेवटी ती छातीवर ठेवली. संध्याकाळपासून माणसं येऊ लागली. मयताला रात्रभर एकटं ठेवायचं नाही, ही रीत अजून लिस्नाकोलानं सोडलेली नाही. कन्सेप्टानं चहाची किटली ताब्यात घेतली. खुर्च्या पुरेनात म्हणून चर्चची बाकं आणली. पोरांना घरी म्हाताऱ्यांपाशी ठेवून जाणती माणसं सगळी इथं. दारात, अंगणात, चुलीशी, कोणी जपमाळ म्हणतंय, कोणी पीटरनं गाढव विकल्याची गोष्ट सांगतंय, आणि आतल्या खोलीत जाऊन आलेला प्रत्येक जण, किती छान दिसतोय, असं म्हणून सँडविच उचलतोय.

डेलिया गुडघ्यावर बशी ठेवून कोपऱ्यात बसली होती. तिनं सवयीनं माणसं मोजायला सुरुवात केली. पोस्टात बसून लागलेली खोड. खाटीक. पंपावरच्या मुलीची आई. फादर. मोजतामोजता तिला वाटलं, हे आपण आधी कुठे तरी मोजलं आहे. हीच आडनावं. हेच घर. म्हणजे आत्ता बाहेर कोणी कागद-पेन्सिल घेऊन आलं, तर आमच्या सगळ्यांच्या पुढे काय लिहील?

तिनं बशी खाली ठेवली आणि ती उठली.

"मयत होतं," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. मयत होतं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"आत्ताचं नाही. तेव्हाचं." तिनं पर्समधून तो कागद काढला आणि सँडविचची थाळी बाजूला सारून टेबलावर पसरला. "बघा. पहिलं नाव सबीना मनेली. नातं काय लिहिलंय? विधवा. कुटुंबप्रमुख कोणीच नाही. का नाही? कारण तो आत निजला होता. मेलेल्याला मोजत नाहीत. पीटरचे आजोबा गेले होते त्या दिवशी, आणि सगळं गाव इथं बसलं होतं, याच खोलीत, असंच. माझे आजोबा मयताला आले होते. शेजारधर्म पाळायला आले होते. आणि हवालदारानं येऊन सगळ्यांना पाहुणे करून टाकलं."

असा आवाज उठला की शेजारच्या खोलीत जपमाळ थांबली. लोक कागदावर वाकले, आपापली नावं शोधू लागले. खाटकाला त्याचा आजा सापडला, त्यानं तिथंच डेलियाची मेंढरांबद्दल माफी मागितली. फादरांनी तिचे हात हातात घेतले. डेलियाचे गाल लाल झाले होते, टोपीचं पीस थरथरत होतं. फीत तिचीच होती. हे आता तिलाही म्हणावं लागणार नव्हतं.

कन्सेप्टानं किटली खाली ठेवली. ती चष्मा पुसत होती.

"डेलिया, तुझ्या या कागदाची उजवी बाजू कुठे आहे?"

"उजवीकडे काही नाही."

"आहे की. मी कादंबऱ्या परत द्यायला गेले होते ना, तेव्हा ऑर्लानं दिली. म्हणाली, बाई पैसे देऊन विसरून गेल्या." तिनं एप्रनच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "मला काही अर्थ लागेना. नावंच नाहीत यात, नुसते जिल्हे. म्हटलं देईन केव्हा तरी."

तिनं तो कागद डेलियाच्या कागदाला भिडवला. ओळीला ओळ जुळली. डाव्या बाजूला नावं, उजव्या बाजूला जन्मस्थान. कन्सेप्टा बोटानं एकेक ओळ खाली येऊ लागली. सबीना मनेली, मेयो. खाटकाचा आजा, मेयो. मेयो. मेयो. मेयो.

बोट थांबलं.

"अँथनी रुएन," कन्सेप्टा म्हणाली, आणि मग फार मायेनं, "लीट्रिम."

डेलियानं ओळ पुन्हा वाचली. मग कागद उलटा करून मागे काही दुरुस्ती आहे का तेही बघितलं.

"तरीच," कन्सेप्टाचा नवरा दारातून म्हणाला, "ते घर एवढं ओलं का असतं."

"गप रे तू," कन्सेप्टा म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, डेलियाच्या अगदी जवळ बसली, तिचा कप भरला, दोन चमचे साखर घातली, ढवळली. आणि मग विचारलं, "डेलिया, कपाट आणलं होतं का गं त्यांनी?"

डेलियानं तोंड उघडलं. स्वाभिमानाला शोभेलसं काहीतरी बोलायचं होतं, ते येईना. आलं ते हसू, आणि ते असं आलं की चहा नाकात गेला, पीस चुलीवर झुकून थोडं करपलं आणि कन्सेप्टाला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मग सगळंच घर हसलं. मयताच्या घरी इतकं हसणं शोभतं की नाही असं फादरांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, पण तेही डोळे पुसत होते. लिस्नाकोलातला खात्रीनं इथला असा जो एकच माणूस होता तो आत टोपी छातीवर ठेवून निजला होता. त्याची हरकत दिसली नाही.

ऑगस्टमध्ये पीटरची टोपी हॉलच्या दाराला खिळ्यावर टांगली. कात्रीचं एक कडं डेलियानं धरलं, दुसरं कन्सेप्टानं. फीत वाकडी कापली गेली आणि ती कोणी वाकडी कापली यावर दोघींचं अजून एकमत नाही.

पण खरी गोष्ट पुढल्या वसंतात घडली. नवी खानेसुमारी आली. ज्या रविवारची रात्र मोजायची होती त्या संध्याकाळी डेलियानं आपली चूल विझवली, गोळ्यांची डबी आणि झोपायचा गाऊन पिशवीत घातला, कुलूप लावलं आणि ती कन्सेप्टाच्या दारात उभी राहिली.

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. चहा टाक. मी आज इथं झोपणार आहे."

कन्सेप्टानं तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या त्या कोऱ्या कागदाकडे बघितलं. तिच्या ध्यानात आलं. तिनं चष्मा लावला, आपलं आणि नवऱ्याचं नाव लिहिलं, आणि तिसऱ्या ओळीवर पेन थांबवलं.

"पाहुणीच लिहू ना?"

"लिही. नीट अक्षरात लिही." डेलियानं बूट काढून पाय चुलीशी नेले. "आणखी शंभर वर्षांनी कोणी तरी माझं घर शोधत येईल. चार नंबर, रिकामं. मग फिरू दे तिला तुरुंगातुरुंगातून. मी एकटीनंच का बसची भाडी भरायची?"

कन्सेप्टानं लिहिलं. मग ती उठली आणि पाहुणीसाठी जादाचं पांघरूण काढायला गेली. ते कपाटात होतं. कपाटाला खरंच एक पाय नव्हता. खाली वीट लावलेली होती.